वसुधावहिनींची तुला

घाटकोपरला पंतनगरात कुणालाही विचारा, सातव्या मजल्यावरची शकू कशी आहे म्हणून. भांडकुदळ आहे, असंच सांगतील. सांगू देत. मी त्र्याहत्तर वर्षांची आहे, मला आता कुणाच्या घरी मुलगी द्यायची नाहीये. आणि मी काही उगाच भांडत नाही. समोर चुकीचं चाललेलं दिसलं की माझं तोंड बंद राहत नाही, एवढाच काय तो माझा दोष.

माझ्या शेजारच्या दारात वसुधावहिनी राहायच्या. गेल्या महिन्यात गेल्या. शहाऐंशी वर्षांच्या होत्या. तेव्हापासून बिल्डिंगमध्ये त्यांच्याबद्दल इतकं गोड बोललं जातंय की माझे कान किटले. ज्यांनी जिवंतपणी त्यांना लिफ्टमध्ये साधी जागा करून दिली नाही, तेही डोळे पुसतात. म्हणून म्हटलं, जे झालं ते एकदा आपणच सांगून टाकावं.

मी लग्न होऊन इथे आले तेव्हा आमची हाउसिंग बोर्डाची जुनी चार मजली बिल्डिंग होती. पहिल्याच दिवशी शेजारच्या दारातून एक उंच बाई आली आणि म्हणाली, "दुधाचं कार्ड काढलंस का? नाही ना? उद्या पहाटे माझ्याबरोबर चल." त्या वसुधावहिनी. कोपऱ्यावरचं सरकारी दूध केंद्र त्या चालवायच्या. आजच्या पोरांना ठाऊक नसेल, पण तेव्हा दूध काचेच्या बाटल्यांतून यायचं, पातळ पत्र्याच्या झाकणांचं. गाडी अंधारातच यायची. वहिनी पदर खोचून लोखंडी क्रेट स्वतः उचलायच्या, आणि मग उजाडून शाळांच्या घंटा होईपर्यंत त्या टपरीत उभ्या. बसायला स्टूल होतं, पण त्यावर त्या रिकाम्या बाटल्या ठेवायच्या. तिथून घरी येऊन स्वयंपाक, आणि साडेदहाला एका शाळेच्या ऑफिसात टायपिंग.

भाऊ, म्हणजे त्यांचे मिस्टर, नंदू आठवी-नववीत असताना अचानक गेले. त्यानंतर तर काय, सगळं एकटीवर. नंदू म्हणजे नंदकिशोर, एकुलता एक मुलगा. मला शकूमावशी म्हणतो. दुपारी वहिनी ऑफिसात असल्या की माझ्याकडेच जेवायचा. त्याला मी माझ्या हातानं वाढलंय, तेव्हा मी त्याच्याबद्दल बोलले तर तो माझा हक्क आहे, हे आधीच सांगून ठेवते.

आणि एक गोष्ट सांगते, ती आठवली की अजून माझं डोकं फिरतं. उभ्या पंतनगरला दूध विकणारी ही बाई, तिच्या स्वतःच्या घरात दूध आलं की पहिलं नंदूला, मग भाऊंना, मग सासूबाईंना, आणि राहिलं तर चहाला. वहिनींना काय? पातेलं विसळलेलं पाणी. "मला दुधानं मळमळतं गं," म्हणायच्या. मळमळत वगैरे काही नव्हतं. मी एकदा जबरदस्तीनं कपभर दिलं तर घटाघटा प्यायल्या होत्या.

त्यांच्या सासूबाई खुब्याचं हाड मोडून त्या दोन खोल्यांत कितीतरी वर्षं पडून होत्या. तेव्हा कोण ऑपरेशन करतंय! वहिनी पहाटे केंद्रावर जायच्या आधी त्यांचं सगळं करून जायच्या. म्हातारी लाजेनं पदर तोंडावर ओढून घ्यायची. ते बघून बघूनच असेल, पण वहिनींनी एक गोष्ट मनाशी पक्की धरली होती. कधीही विचारा, देवाकडे काय मागता, तर एकच उत्तर. "शकू, मला दुसरं काही नको गं. मरेपर्यंत माझ्या पायांनी संडासला जाता आलं पाहिजे." हे त्या मला म्हणायच्या, नंदूला म्हणायच्या, सुनेला म्हणायच्या. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांसमोरसुद्धा म्हणायच्या. वृंदाला, म्हणजे सुनेला, ओशाळल्यासारखं व्हायचं. "आई, काहीतरी काय बोलता!" पण घरातल्या एकालाही हे ठाऊक नव्हतं असं नाही, एवढं लक्षात ठेवा.

सत्तरी ओलांडल्यावर वहिनींची हाडं दगा द्यायला लागली. आधी मनगट. दारातल्या पायपुसण्यावर पाय अडकला, हात टेकला, आणि मनगट मोडलं. प्लास्टर घालणाऱ्या डॉक्टरनं सांगितलं होतं, एवढ्याशानं हाड मोडतं म्हणजे हाडं ठिसूळ झालीत, तपासणी करून औषध सुरू करा. नंदू म्हणाला, "या वयात कसल्या तपासण्या?" प्लास्टर निघालं आणि विषय संपला. मग एकदा बादली उचलताना पाठ धरली. महिनाभर वहिनी बाम चोळत बसल्या. ते मणक्याचं हाड आतल्या आत चेपलं होतं, हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. मला कसं कळलं? त्यांच्या साड्यांवरून. ती उंच बाई दर वर्षी थोडी थोडी बुटकी होत चालली होती. निऱ्या जमिनीवर लोळायला लागल्या, मग त्या कमरेशी दोनदा दुमडून खोचायच्या. मी नंदूला म्हटलं, "अरे, तुझी आई आखूड होत चाललीय, बघतोस ना?" तो हसला. नातू श्रेयस कॅनडाहून व्हिडिओ कॉलवर म्हणाला, "आजी क्यूट होत चाललीये." क्यूट म्हणे! मणका चेपला की माणूस क्यूट दिसतो काय रे?

मग बिल्डिंग पाडली, आम्ही सगळे काही वर्षं भाड्याच्या घरांत विखुरलो, आणि टॉवर झाल्यावर परत आलो. पुन्हा शेजारी शेजारी. नवं घर झकास होतं, नाही कशाला म्हणू? पण फरशी अशी गुळगुळीत की आरशासारखं तोंड दिसावं. मी आल्या आल्या बाथरूममध्ये भिंतीला स्टीलचे दांडे ठोकून घेतले. दिसायला आखाड्यासारखं दिसतं, दिसू दे. वहिनींकडेही ठोकून घ्या म्हणून मी नंदूच्या मागे लागले. तो म्हणाला, "मावशी, नव्या टाइल्सना भोकं नको गं. तडा गेला तर तसली टाइल परत मिळत नाही." टाइलला तडा जाईल याची काळजी होती त्याला.

आता सोहळ्याचं सांगते. माणसानं हजार पौर्णिमा पाहिल्या की सहस्रचंद्रदर्शन करतात, साधारण ऐंशी-एक्क्याऐंशीला. वहिनींचं तेव्हाच व्हायचं, पण ते वर्ष लॉकडाउनमध्ये गेलं. मग बिल्डिंगचं चाललं होतं. ते राहूनच गेलं. या वर्षी नंदू बँकेतून रिटायर झाला, नवं घर झालं, आणि श्रेयस दोन आठवडे येणार असं ठरलं. लगेच हॉल घेतला. होम, दिव्यांनी औक्षण, आणि तुला. म्हणजे माणसाला तराजूत बसवायचं आणि दुसऱ्या पारड्यात भारंभार गूळ टाकायचा. तो गूळ एका आश्रमशाळेला देणार होते.

वहिनी नको म्हणत होत्या. "मला कशाला तोलताय? मी काय भाजी आहे?" तेव्हा नंदू त्यांच्या पायाशी बसून म्हणाला, "आई, तू माझ्यासाठी जन्मभर उभी राहिलीस. मी तुझ्यासाठी काही केलं नाही. एवढं तरी करू दे." ते तो मनापासून म्हणाला होता. मी तिथेच होते. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. नंदू वाईट नाही हो. वाईट असता तर मला इतका त्रासच झाला नसता, दोन शिव्या घालून मोकळी झाले असते.

सोहळा रविवारी होता. बुधवारी सकाळी वृंदा घाबरीघुबरी माझ्या दारात. "मावशी, आई बाथरूममध्ये पडल्या." मी धावले. वहिनी तोवर स्वतःच उठून, भिंतीला धरून धरून पलंगापर्यंत आल्या होत्या. "काही नाही गं, पाय सरकला." चेहरा पांढराफटक. मी त्यांचा उजवा पाय नुसता उचलून बघायला गेले, तर त्यांनी पदर दातात धरला. मी म्हटलं, "नंदू, ॲम्ब्युलन्स बोलव. खुब्यात काहीतरी झालंय."

नंदू म्हणाला, "मुका मार आहे, मावशी. हाड मोडलं असतं तर ती उभी राहिली असती का? चालत आली ना ती!"

आमच्या लोकांची ही एक समजूत आहे. चालता येतंय म्हणजे हाड शाबूत. मोडलं असतं तर माणूस गुरासारखा ओरडला असता, असं यांना वाटतं. वसुधावहिनी ओरडणारी बाई होती का? भाऊ गेले तेव्हासुद्धा आवाज न करता रडली होती ती.

मी म्हटलं, "असू दे मुका मार. एक्स-रे काढायला काय जातंय? हाकेच्या अंतरावर दवाखाना आहे."

तेव्हा श्रेयस मोबाइल बाजूला ठेवून काय म्हणाला, ऐका. "मावशीआजी, एक्स-रे काढला की ते ॲडमिटच करून घेणार ना. मग रविवारचं काय? मंडे नाइटला माझी फ्लाइट आहे." वृंदाच्या माहेरून कुणीतरी फोनवर सांगितलं होतं की ठरलेलं शांतीचं कार्य मोडू नये, अशुभ असतं. नंदू खाली बघत होता. मग हळूच म्हणाला, "सोमवारी सकाळी पहिलं काम तेच करू, मावशी. प्रॉमिस."

माझा पारा चढला. "पाच वर्षं थांबला होतात ना रे? आणखी महिनाभर थांबलात तर काय चंद्र खाली पडणार आहे?"

मधे पडल्या त्या वहिनीच. नंदूचा पडलेला चेहरा त्यांना बघवला नाही. म्हणाल्या, "शकू, तू नको रागावूस. त्याचा हिरमोड होतो गं. रविवार पार पडू दे. मला तेवढं काही दुखत नाही."

झालं! एवढंच हवं होतं सगळ्यांना. आईच म्हणाली ना, दुखत नाही. कुणीतरी दुखण्याची गोळी आणली, कुणीतरी गरम पाण्याची पिशवी दिली, आणि हॉलमधल्या गजऱ्यांच्या ऑर्डरचे फोन सुरू झाले. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन भांडले. शुक्रवारीही भांडले. शनिवारी नंदूनं मला दारातच सांगितलं, "मावशी, प्लीज, घरात पाहुणे आहेत." वहिनी मात्र ते सगळे दिवस बाथरूमला चालत जात होत्या. एक हात वृंदाच्या खांद्यावर, दुसरा त्या गुळगुळीत टाइल्सवर. मी दिसले की म्हणायच्या, "बघ, जातेय की नाही मी?"

रविवारी हॉल माणसांनी भरला. सनईची रेकॉर्ड लावलेली. वहिनींना जांभळी साडी नेसवली होती, केसात अबोलीचा गजरा. व्हीलचेअरवरून आणलं त्यांना. लोक पाया पडत होते, त्या हात वर करून आशीर्वाद देत होत्या. कपाळावर सारखा घाम येत होता. वृंदा तो रुमालानं टिपत होती, म्हणजे फोटोत चकाकू नये.

स्टेजवर झेंडूनं सजवलेला मोठा तराजू टांगला होता. पारड्यात लाल वस्त्र घातलेला पाट. जमिनीपासून जेमतेम वीतभर वर. मी तो पाट बघितला आणि सरळ स्टेजवर गेले. "नंदू, औक्षण करा, होम करा, काय करायचं ते करा. पण त्यांना त्या पाटावर बसवू नका. खुब्यातून पाय एवढा दुमडला तर जे काही धरून आहे तेही सुटेल."

"मावशी, सगळ्यांसमोर नको ना, प्लीज." असं म्हणून त्यानं माझा हात धरून मला बाजूला केलं. हळूच केलं, पण केलं.

दोघांनी वहिनींना काखेत धरून उचललं आणि खाली पाटावर टेकवलं. मला आवाजबिवाज काही ऐकू आला नाही, सनईच एवढी मोठ्यानं चालली होती. पण मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. ते तोंड एका क्षणात राखेच्या रंगाचं झालं. पारड्याची साखळी त्यांनी अशी धरली होती की बोटं पांढरी पडली. तोंडातून शब्द नाही. चार माणसांत मुलाची शोभा नको, म्हणून नाही.

दुसऱ्या पारड्यात गुळाच्या ढेपा टाकायला लागले. आणि गंमत बघा, अर्ध्याहून जास्त ढेपा अजून खालीच होत्या, तोवर वहिनींचं पारडं वर उचललं गेलं. लोक हसले. "अगंबाई, आजी फुलासारख्या हलक्या झाल्यात!" टाळ्या पडल्या. आयुष्यभर लोखंडी क्रेट उचलणारी बाई, तिच्या अंगावर काही उरलं नाही याच्यावर टाळ्या? फोटोग्राफर ओरडला, "आजी, इकडे! स्माईल!" आणि वहिनींनी स्माईल दिलं हो.

उतरवताना पाय टेकेना. उजवा पाय डाव्यापेक्षा आखूड दिसत होता आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळून पडलं होतं. मी ओरडले, "पाय बघा त्यांचा!" तेव्हा कुठे नंदूचा रंग उडाला. पण पुढे काय केलं? त्यांना खुर्चीवर बसवून औक्षण उरकलं. मग लोकांची पानं वाढली होती, लोकांना उपाशी कसं पाठवायचं? जिलेबी संपेपर्यंत वहिनी हॉलच्या मागच्या खोलीत गादीवर पडून होत्या, मी त्यांचा हात धरून बसले होते. ॲम्ब्युलन्स उन्हं कलल्यावर आली.

हॉस्पिटलात डॉक्टर तरुण होता. एक्स-रे बघून त्यानं विचारलं, "आज पडल्या?"

"बुधवारी," वृंदा म्हणाली.

त्यानं एक्स-रेवर बोट ठेवून समजावलं. बुधवारी हाडाला नुसती चीर गेली असणार, हाडं एकमेकांत रुतून जाग्यावर असणार, म्हणूनच त्या चालू शकल्या. तेव्हा आणलं असतं तर दोन-तीन स्क्रूंवर भागलं असतं. आज ती दोन तुकडे होऊन सरकली आहेत. आता खुब्याचा गोळा बदलावा लागेल. "ऑपरेशनला धोका आहे," तो म्हणाला, "पण या वयात ऑपरेशन न करता पडून राहण्यात त्याहून जास्त धोका आहे. छाती भरते, पाठीला जखमा होतात. केलं तर आठवड्यात वॉकर धरून उभ्या राहतील."

वहिनी शुद्धीवर होत्या. सगळं ऐकत होत्या. स्पष्ट म्हणाल्या, "करा. मला उठायचंय."

डॉक्टरनं नंदूकडे बघितलं. सही नातेवाइकाची मागतात ना. पाय बाईचा, जीव बाईचा, आणि बघायचं मुलाकडे!

आणि बुधवारी मुका मार म्हणणारा नंदू आता असा घाबरला की त्याला काही सुचेना. त्याच्या सासऱ्यांना कसल्याशा ऑपरेशनमध्ये टेबलावरच गेलेलं त्यानं बघितलं होतं. त्यानं फॅमिलीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं. विचारलं म्हणजे काय, मेसेजच टाकला, आईचं ऑपरेशन करावं की नाही. दुपारी जिलेबी खाऊन गेलेली माणसं, कुणी पुण्याहून, कुणी डोंबिवलीहून मत द्यायला लागली. या वयात चिरफाड नको. आता त्रास देऊ नका. देवाच्या हातात सोडा. खाली जोडलेल्या हातांची रांग. श्रेयस बॅग भरता भरता म्हणाला, "बाबा, आजीला अजून टॉर्चर नको."

मी नंदूला कॉरिडॉरमध्ये धरलं. "तुझी आई काय म्हणाली, ऐकलंस ना? तिला उठायचंय. जन्मभर ती एकच गोष्ट मागत आलीय."

"मावशी, टेबलावर गेली तर मी स्वतःला माफ करू शकणार नाही गं."

स्वतःला! तेव्हाही याचं स्वतःचंच. त्यानं नको म्हणून सही केली, आणि वहिनींना घरी आणलं. श्रेयस ठरल्याप्रमाणे सोमवारच्या विमानानं गेला.

घरी पायाला वजन बांधलं. दिवसा एक बाई यायची, बाकी वेळ वृंदा करायची. वृंदावर मी अन्याय करणार नाही. तिनं सगळं केलं, नाक मुरडलं नाही. पण डायपर बदलायची वेळ झाली की वहिनी पदर ओढून तोंड झाकून घ्यायच्या. ज्या बाईनं सासूचं सगळं केलं, तिला आपल्याला कुणी हात लावलेला सहन होईना. मी रोज जायचे. आधी बोलायच्या, मग कमी बोलायला लागल्या.

एक दिवस मी चमच्यानं पाणी द्यायला गेले, तर त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले. ओठांना चिरा पडलेल्या, जीभ कोरडी लाकडासारखी. मला वाटलं गिळवत नाही. वृंदा म्हणाली, "चार-पाच दिवस असंच चाललंय. तहान नाही म्हणतात." ती बाहेर गेल्यावर मी त्यांच्या कानाशी वाकले. "वहिनी, काय हे? पाणी का सोडलंत?"

त्या म्हणाल्या, "प्यायलं की होतं गं. परत परत कुणीतरी उघडं करायचं. नाही प्यायलं की निदान तेवढं तरी कमी होतं."

मी नंदूला लगेच सांगितलं. त्यानं डॉक्टर बोलावला, सलाईन लावलं. पण त्यांचे हात सुजले, शीर सापडेना, ताप चढला. मग छाती भरली. त्या हॉस्पिटलातल्या तरुण डॉक्टरनं जे जे सांगितलं होतं, ते सगळं एकामागून एक झालं. महिना पुरता झाला नाही, वहिनी गेल्या.

तेराव्याला मी नंदूकडे गेले होते. जेवणं झाल्यावर हॉलमध्ये सगळे बसले होते. नंदू पाहुण्यांना सांगत होता, "आईनं शेवटी स्वतःहून अन्नपाणी सोडलं. तिला कळलं होतं. एखाद्या योग्यासारखी गेली." बायका हात जोडत होत्या. कुणीतरी म्हणालं, "पुण्यवान हो, सोहळा डोळ्यांनी बघून गेल्या."

मी ठरवून गेले होते की आज काही बोलायचं नाही. पण राहवलं नाही.

"कसली योगी?" मी म्हटलं. "तिनं पाणी सोडलं ते डायपर भिजू नये म्हणून. मला सांगितलंय तिनं. त्या पलंगावरून उठता येत नव्हतं म्हणून सोडलं. बुधवारी दवाखान्यात नेली असती तर आज ती इथे चालत फिरली असती."

वृंदाच्या भावानं घसा खाकरला. "अहो मावशी, शहाऐंशी वय होतं त्यांचं."

"वय होतं म्हणून हाड मोडलं. हाड मोडून ती मेली नाही. त्याच्यानंतर जे झालं त्यानं मेली."

कुणीतरी घाईघाईनं म्हणालं, चहा ठेवा रे. मी चपला घालायला उठले. नंदू माझ्या मागोमाग दारापर्यंत आला. साठ वर्षांचा बाप्या, डोक्यावरचे केस काढलेले. सगळ्यांच्या समोर त्यानं मला विचारलं, "शकूमावशी, मी मारलं का गं आईला?"

त्याला माझ्याकडून 'नाही रे बाळा' ऐकायचं होतं. आत बसलेले सगळेसुद्धा तेच म्हणायला तयार बसले होते. वृंदा मला डोळ्यांनी विनवत होती. भाऊ गेले त्या दिवशी हाच पोरगा माझ्या कुशीत झोपला होता. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"हो," मी म्हटलं. "तुझ्या घरात तुझ्या आईला पाणी प्यायची लाज वाटली, नंदू. मी नाही कसं म्हणू?"